दारूच्या आड लपलेला धातू

१९६५ साली कॅनडातल्या क्यूबेक शहरात रोज भरपूर बिअर पिणारे पुरुष एकामागून एक धाप लागून रुग्णालयात येऊ लागले. हृदय फुगलेलं, रक्त ढकलण्याची ताकद गेलेली. वर्षभराच्या आत पन्नासच्या आसपास रुग्ण झाले आणि त्यातले वीसेक दगावले. शोध घेतला तेव्हा कळलं, की बिअरचा फेस टिकावा म्हणून तिच्यात कोबाल्टचा क्षार घातला जात होता. तो घालणं बंद झालं आणि नवे रुग्ण येणंही थांबलं.

गोष्ट इथे संपली असं वाटतं, पण आकडे जुळेनात. त्या काळी रक्तक्षयावर औषध म्हणून कोबाल्ट देत असत. ती मात्रा बिअरमधून पोटात जाणाऱ्या कोबाल्टच्या कितीतरी पट जास्त होती, तरी त्या रुग्णांची हृदयं अशी निकामी होत नव्हती. उलट हे बिअर पिणारे गेली कित्येक वर्षं तेवढीच पीत आले होते आणि चालतेफिरते होते. एकट्या कोबाल्टने माणूस मरत नव्हता, एकट्या बिअरने एवढ्या झपाट्याने मरत नव्हता. दोन्ही एकत्र आले, त्यात प्रथिनांवाचूनच्या निकृष्ट आहाराची भर पडली, आणि हृदयाने हात टेकले.

ही हृदयाची गोष्ट झाली. मला सांगायचंय दारू आणि शिशासारखे धातू मिळून मेंदूचं काय करतात, त्याबद्दल. पण दोन विषं एकत्र आल्यावर काय होऊ शकतं, हे समजावणारं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. मेंदूच्या बाबतीत हीच गोष्ट वर्षानुवर्षं, हळूहळू घडते. वीस माणसं एका हंगामात मरत नाहीत, त्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही. माणूस चिडचिडा होतो, विसरायला लागतो, हात थरथरतात. तो पिणारा असेल तर सगळे म्हणतात, ‘दारूचा परिणाम.’ तपास तिथेच थांबतो. त्याच्या रक्तात शिसं किती आहे, हे कुणी पाहतच नाही. या विषयातली सगळ्यात मोठी अडचण मला हीच वाटते.

दारू मेंदूत काय करते

दारूचा रेणू लहान आहे. पाण्यातही विरघळतो, चरबीच्या पडद्यातूनही सहज पार होतो. म्हणून रक्तात पोचल्यावर काही मिनिटांतच तो मेंदूत शिरतो. तिथे दोन मुख्य गोष्टी करतो. मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव वाढवतो आणि मेंदूला जागं ठेवणाऱ्या ग्लुटामेटचा एक दरवाजा अर्धवट बंद करतो. या दरवाज्याचं नाव एनएमडीए. ते लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. नवी आठवण पक्की व्हायला हाच दरवाजा उघडावा लागतो. रात्री खूप प्यायलेल्या माणसाला सकाळी काही आठवत नाही, त्यामागे याचा मोठा हात असतो.

नशा उतरते, पण दारूची विल्हेवाट लावताना शरीरात जे घडतं ते मागे उरतं. यकृत दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं अॅसिटेट. मधला पदार्थ विषारी असतो आणि प्रथिनांना चिकटत सुटतो. नेहमी पिणाऱ्यांत दारू पचवायचा एक दुसरा मार्गही जोर धरतो आणि त्यातून ऑक्सिजनचे आक्रमक कण बाहेर पडतात. मेंदूला हे जास्त बाधतं. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. त्याच्या पेशींचे पडदे अशा चरबीचे बनलेले असतात, की ती लवकर खवट होते. तेलाच्या उघड्या बरणीला हवा लागल्यावर जे होतं, तेच इथे पेशीच्या पातळीवर चालू असतं.

याला आवर घालायला शरीराकडे ग्लुटाथायोन नावाचा रक्षक आहे. अॅसिटाल्डिहाइड त्याला खाऊन टाकतो. शिसं, पारा आणि कॅडमियम हे जड धातूही नेमके त्यालाच जाऊन चिकटतात, कारण त्याच्या अंगी गंधकाचा हात असतो आणि या धातूंना गंधकाची भारी ओढ. दोन शत्रू एकाच पहारेकऱ्यावर तुटून पडतात, ते असं. आधीच पिऊन पहारा पातळ झालेला असेल, तर एरवी पचून गेला असता एवढा धातूही इजा करून जातो.

शिसं: कॅल्शियमचा तोतया

शिशाची सगळी करामत एका गोष्टीत आहे. शरीराला ते कॅल्शियमसारखं दिसतं. कॅल्शियमच्या दारातून ते पेशीत शिरतं, कॅल्शियमच्या जागेवर बसतं, हाडात कॅल्शियमबरोबर साठतं. चेतापेशी एकमेकींशी बोलतात त्या कॅल्शियमच्या इशाऱ्यावर. तिथे तोतया घुसला की नको तेव्हा निरोप जातो आणि हवा तेव्हा जात नाही. वर शिसं एनएमडीएचा दरवाजाही अडवतं. म्हणजे आठवणीच्या ज्या कुलपात दारूने किल्ली अडकवलेली असते, त्याच कुलपात शिसंही बोट घालतं.

दुसरी एक जागा अशी आहे, जिथे दोघांची गाठ मोजून दाखवता येते. रक्तातलं लाल द्रव्य तयार करणाऱ्या साखळीत ‘अलाड’ नावाचं एक विकर आहे आणि ते चालतं जस्तावर. शिसं त्यातलं जस्त ढकलून स्वतः तिथे बसतं आणि विकर बंद पडतं. दारूही या विकराची ताकद कमी करते. साखळी अडली की अलीकडचा कच्चा माल तुंबतो, आणि हा कच्चा माल स्वतःच चेतापेशींना त्रासदायक असतो. त्यात दारू पिणाऱ्याच्या लघवीतून जस्त जास्त वाहून जातं, खाणंही धड नसतं. म्हणजे शिसं ज्याची जागा बळकावणार, तोच आधीच अशक्त झालेला.

जस्ताबद्दल थोडं आणखी सांगतो, कारण दारूच्या गप्पांत त्याचं नाव कुणी घेत नाही. दारू पचवणारं मुख्य विकरही जस्तावरच चालतं. जड धातूंना पकडून निरुपद्रवी करणारी मेटॅलोथायोनीन नावाची प्रथिनं शरीर बनवतं, तीही एरवी जस्तच सांभाळत असतात. मॅग्नेशियमची कथा तशीच. तेही पिणाऱ्याच्या लघवीतून जातं, आणि ते कमी पडलं की थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व शरीरात असूनही नीट कामाला लागत नाही. थायमिनच्या अभावाने मेंदूला होणारी गंभीर इजा कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टराने १८८१ मध्ये नोंदवली. पुढे काही वर्षांत कोर्साकोव या रशियन डॉक्टराने त्याच आजाराची स्मृती पुसून टाकणारी बाजू वर्णन केली. दारू मेंदूचं नुकसान करते, ते बऱ्याच अंशी अशा चोरवाटांनी, पोषण पळवून. पोट रिकामं आणि शरीरात लोह, कॅल्शियम, जस्त कमी असेल तर आतडं शिसं आणि कॅडमियम जास्त शोषतं. उपाशी आतडं आत येणाऱ्याची ओळखपाळख विचारत नाही.

आणि कधी कधी दारू स्वतःच शिसं घेऊन येते. रोमन लोक द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यांत आटवून त्याचा गोड पाक वाइनमध्ये घालत. जर्मनीतल्या उल्म शहरात सतराव्या शतकाच्या अखेरीस गोकेल नावाच्या वैद्याला दिसलं, की मठातले जे साधू वाइनला शिवत नाहीत तेवढे पोटशुळापासून वाचलेत. त्यावरून त्याने वाइन गोड करायला वापरलेलं शिशाचं संयुग हुडकून काढलं. १७६७ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला असाच आजार जॉर्ज बेकर यांनी सफरचंदाच्या दारूत उतरलेल्या शिशाशी जोडला. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकातही चोरट्या भट्ट्यांवर गाडीचा जुना रेडिएटर वाफ थंड करायला वापरत आणि त्याच्या सांध्यांतलं शिसं थेट बाटलीत उतरे. तिथे पिणाऱ्याला दोन्ही विषं एकाच घोटात मिळत.

यकृत ढासळलं की मँगनीज मेंदूत

दारू आणि धातू यांचं सगळ्यात स्पष्ट नातं पाहायचं तर मँगनीज पाहावं. इथे अंदाज बांधावा लागत नाही, चित्रात दिसतं.

मँगनीज हा शत्रू नाही. थोडं मँगनीज शरीराला लागतंच, अन्नातून मिळतं, आणि जास्तीचं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. बाहेर जायची जवळजवळ ही एकच मोठी वाट. वर्षानुवर्षं पिऊन यकृत आक्रसलं, त्याचा सिरोसिस झाला, की ही वाट तुंबते. रक्तही यकृताला वळसा घालून पुढे जायला लागतं. मग मँगनीज साठतं, आणि साठतं ते मेंदूच्या खोलवरच्या गाभ्यात, हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या ग्लोबस पॅलिडस या भागात. अशा रुग्णांच्या एमआरआयमध्ये तो भाग पांढरा चमकताना दिसतो. हा माणूस मँगनीजच्या कारखान्यात कधी गेलेला नसतो. त्याच्या मेंदूत मँगनीज दारूने पोचवलं, यकृताच्या मार्गाने.

आता हाच माणूस वेल्डर असेल तर? वेल्डिंगच्या धुरात मँगनीज असतं. ते फुफ्फुसातून थेट रक्तात जातं, म्हणजे अन्नातल्या मँगनीजला यकृताची जी पहिली चाळणी लागते, ती इथे लागतच नाही. आत येणारं जास्त, बाहेर जाणारं कमी. १८३७ मध्ये कूपर नावाच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडमध्ये मँगनीजची भुकटी करणाऱ्या कामगारांचा आजार वर्णन केला होता: पाय लुळे, चाल बिघडलेली, आवाज क्षीण. पुढे खाण कामगारांत भ्रम आणि विचित्र वागणं दिसलं, चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार झालेला दिसला, कोंबड्यासारखं चवड्यांवर चालणं दिसलं. अशा माणसाला रस्त्यात तोल जाताना पाहून आजूबाजूचे काय म्हणतील, ते सांगायला नको.

लोहाचीही गोष्ट याच धाटणीची. आतड्यातून लोह किती आत घ्यायचं, हे यकृतातलं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक ठरवतं. दारूने ते घटतं आणि लोह जास्त शोषलं जातं. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास २१ हजार लोकांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या गेल्या. आठवड्याला ७ युनिटपेक्षा जास्त, म्हणजे साधारण ५६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोलपेक्षा जास्त पिणाऱ्यांच्या मेंदूच्या गाभ्यात लोह जास्त असल्याच्या खुणा दिसल्या. ही मात्रा ‘दारुड्या’ म्हणावं इतकी नाही, हे मला अस्वस्थ करतं. हे साधे लोक होते, धातूचं काम करणारे म्हणून निवडलेले नव्हते. मोकळं लोह पेशीत असलं की ते त्या आक्रमक ऑक्सिजन कणांचा कारखाना चालवतं. अर्थात अशा पाहणीतून दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढंच सिद्ध होतं. दारूनेच लोह साठलं, हा त्यावरचा तर्क, मात्र हेप्सिडिनमुळे तो निराधार नाही.

सगळीकडे बेरीजच होत नाही

दोन विषं एकत्र आली की परिणाम वाढणारच, असं गृहीत धरणं सोपं आहे, आणि ते चूक ठरू शकतं. पारा घ्या. पाऱ्याची वाफ श्वासातून रक्तात गेली की तांबड्या पेशींतलं कॅटलेज हे विकर तिचं रूप पालटतं. पालटलेला पारा मेंदूभोवतीचं कुंपण सहजी ओलांडू शकत नाही. दारू याच विकराच्या आड येते. त्यामुळे वाफ वाफच राहते, त्यातली बरीच श्वासावाटे परत बाहेर जाते, आणि प्यायलेल्या माणसाच्या शरीरात एकूण पारा कमी उरतो. एवढंच वाचून कुणी दारूला पाऱ्याचा उतारा समजेल, म्हणून पुढचंही सांगतो: जी वाफ आत राहते ती मेंदूत शिरू शकणाऱ्या रूपातच फिरत राहते. आणि माशांमधून येणारा मिथाइल पारा, ज्याने जपानच्या मिनामाता शहरात विषबाधेचा अनर्थ घडवला, त्याची बाधा प्राण्यांवरच्या प्रयोगांत दारूबरोबर आणखी वाढलेली दिसली.

माणसांवरचा पुरावा गोळा करताना एक गुंता कायम आडवा येतो. भरपूर पिणारे बरेचदा सिगारेटही ओढतात, आणि तंबाखूच्या धुरात कॅडमियम असतं. ते मूत्रपिंडात दहा-वीस वर्षं मुक्काम ठोकतं. मग स्मृती घसरली ती दारूने, कॅडमियमने, निकृष्ट आहाराने की सगळ्यांनी मिळून, हे वेगळं काढणं कठीण होतं. म्हणून यंत्रणा कशी चालते हे बरंचसं उंदरांवरून कळलंय, आणि माणसांमध्ये तिचे पडसाद शोधावे लागतात.

उंदरांवरच्या प्रयोगांतलीच एक गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. गर्भात असताना आणि जन्मानंतर लगेच थोड्या शिशाच्या संपर्कात आलेली पिल्लं मोठी झाल्यावर इतरांपेक्षा जास्त दारू पितात, असं अनेक प्रयोगांत दिसलंय. उंदरावरून माणसावर उडी मारू नये, हे खरं. तरी आतापर्यंत आपण दारूमुळे धातूची इजा वाढते असं म्हणत होतो. इथे बाण उलटा फिरतोय. लहानपणीचं शिसं पुढच्या पिण्याची जमीन तयार करत असेल, तर पिणाऱ्याच्या चारित्र्याबद्दल आपण जे बिनधास्त बोलतो, ते बोलण्यापूर्वी थांबायला हवं.

लहान मेंदूचा प्रश्नच वेगळा. मूल पोटात गेलेल्या शिशाचा मोठ्या माणसापेक्षा चार-पाच पट जास्त भाग शोषू शकतं. शिसं आणि दारू दोन्ही वारेतून गर्भापर्यंत पोचतात. गर्भातल्या बाळाची हाडं घडवायला आईच्या हाडांतलं कॅल्शियम निघतं, तेव्हा तिच्या लहानपणी साठलेलं शिसंही त्याबरोबर बाहेर येतं. एनएमडीएसारख्या ज्या दरवाज्यांबद्दल वर लिहिलं, त्यांच्याच मदतीने गर्भात चेतापेशी आपापल्या जागी जातात आणि एकमेकींशी जोडल्या जातात. गरोदरपणात दारूची कुठलीच मात्रा सुरक्षित धरली जात नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचीही सुरक्षित अशी पातळी माहीत नाही.

निदान चुकतं ते कसं

मोठ्या माणसात शिसं चढल्याची लक्षणं पाहा: डोकेदुखी, चिडचिड, झोप उडणं, विसरभोळेपणा, हात थरथरणं, पोटात कळा, बद्धकोष्ठ. यातलं बरंचसं दारूच्या नावावर खपून जातं. दोघांनी युरिक अॅसिड वाढून सांधे धरतात. शिशाने मनगट लुळं पडून हात लोंबतो, हे जुन्या वैद्यकातलं प्रसिद्ध लक्षण. तर खूप पिऊन दंड खुर्चीच्या पाठीवर टाकून झोपलेल्या माणसाचंही मनगट सकाळी तसंच लोंबतं, कारण नस रात्रभर दबलेली असते. दोघांच्या नसा दुखावतात, पण दारूने बहुधा पायांना मुंग्या आणि बधिरपणा आधी येतो, तर शिशाने हाताची ताकद आधी जाते. दारूने तांबड्या पेशी मोठ्या होतात, शिशाने लहान होतात आणि त्यांत निळे ठिपके दिसू शकतात. बारकाईने पाहणाऱ्याला फरक सापडतो. प्रश्न पाहण्याचा आहे.

१७०० मध्ये इटलीत बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी वैद्यांना सांगितलं, की रुग्णाला नेहमीचे प्रश्न विचाराल तेव्हा आणखी एक विचारा: तुम्ही काम काय करता? तीनशे वर्षं झाली, तरी पिणाऱ्या रुग्णाला हा प्रश्न क्वचित विचारला जातो. म्हणून तो आपणच सांगावा. बॅटऱ्यांचं काम, जुना रंग खरवडणं, सोल्डरिंग, वेल्डिंग, धातू वितळवणं, गोळीबाराचा सराव, सोनं काढताना पाऱ्याचा वापर, यातलं काहीही आयुष्यात केलं असेल तर डॉक्टरांना ते सांगावं आणि पिण्याचंही खरं प्रमाण सांगावं. रक्तातलं शिसं साध्या तपासणीत कळतं. मँगनीजसाठी एमआरआय जास्त बोलका ठरतो, कारण मेंदूत किती साठलंय याबद्दल रक्तातला आकडा फारसं सांगत नाही.

दोन धोके इथे स्पष्ट सांगायला हवेत. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन घेऊन. दुसरं म्हणजे ‘शरीरातला धातू काढून टाकणारी’ औषधं मनाने घेऊ नयेत. ती शिशाबरोबर जस्तासारखी कामाची खनिजंही ओढून नेऊ शकतात. शिसं खूप चढलेलं असेल तेव्हा ती जीव वाचवतात, पण झालेली इजा पुसत नाहीत. अमेरिकेत ७८० लहान मुलांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये आले: औषधाने रक्तातलं शिसं उतरलं, बुद्धीच्या चाचण्यांत मात्र काही फरक पडला नाही.

सावरण्याचा वेग प्रत्येक विषाचा वेगळा. पिणं थांबलं की आकसलेला मेंदू काही महिन्यांत थोडाफार भरून येतो, आणि हे भरून येणं एमआरआयवर मोजता येतं. नवं यकृत बसवलेल्या रुग्णांच्या मेंदूतली मँगनीजची ती पांढरी चमक हळूहळू विरते. रक्तातलं शिसं संपर्क तुटल्यावर महिन्या-सव्वा महिन्यात निम्म्यावर येतं. हाडातलं तसं नाही. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या शिशाचा ९० टक्क्यांहून जास्त साठा हाडांत असतो आणि तो दशकानुदशकं टिकतो. म्हातारपणी हाडं झिजायला लागतात, दारूने ती अधिक झिजतात, आणि मग बॅटरीच्या कारखान्यातलं काम सोडून वीस वर्षं झालेल्या माणसाच्या रक्तात पुन्हा शिसं चढू लागतं.